उठल्यावर तिनं काय विचारलं?

(डोंबिवलीत महिला गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला आज 'घरातली हिंसा आणि वाढती मुलं' हा विषय दिला आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी दिव्याहून, टिटवाळ्याहून, कळव्याहून लोकलची गर्दी सोसून आल्या आहेत. जेवणं नुकतीच झालीत. आता मी कायद्याची कलमं वाचायला लागले तर निम्म्या जणी पेंगतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. म्हणून आधी एक गोष्ट सांगते. ती तुम्हाला माहीत आहे, मलाही लहानपणापासून माहीत होती. पण एका बाईनं त्या गोष्टीवर एक प्रश्न विचारला आणि माझी सहा-सात वर्षांची समुपदेशनाची पद्धत मला तपासून बघावी लागली. त्याबद्दल बोलते.

चैत्र महिना होता. आमच्या एका वस्तीतल्या बचत गटाची बैठक पुढे ढकलावी लागली, कारण निम्म्या बायका कार्ल्याला निघाल्या होत्या. ठाणे-कल्याण पट्ट्यात काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. आगरी, कोळी घरांचं, तसंच कायस्थ प्रभूंचंही कुलदैवत म्हणजे कार्ल्याची एकवीरा. लोणावळ्याजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांच्या शेजारीच तिचं देऊळ आहे. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी असते. आपल्या गावांतून माणसं पायी, टेम्पोनं, मिळेल त्या वाहनानं जातात.

बायका परत आल्या, प्रसाद वाटला गेला. मी सहज विचारलं, "आई एकवीरा म्हणजे कोण हो?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "रेणुकामाता. परशुरामाची आई." म्हटलं, गोष्ट सांगा. मग जी ती आपली गोष्ट सांगू लागली. एक म्हणाली, रेणुका रोज नदीवर कच्च्या मातीचा घडा करून, नागाची चुंबळ करून पाणी आणायची, एक दिवस मन चळलं आणि घडा होईना. दुसरी म्हणाली, तिनं पाण्यात खेळणाऱ्या राजाला बघितलं. तिसरी हसून म्हणाली, "बघितलं तर काय झालं? आम्ही रोज फलाटावर हजार माणसं बघतो." खूप हसलो आम्ही.

मग कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी आजी, जी एरवी बैठकीत फक्त हप्ता भरायला येते, ती बोलली, "पोरानं मुंडकं उडवलं, मग परत जोडलं. बरं. उठली तवा ती काय बोलली? काय विचारलं तिनं पोराला?"

कुणालाच सांगता येईना. मलाही नाही.

घरी येऊन मी महाभारत काढलं. वनपर्वात ही कथा आहे. जमदग्नी ऋषी, त्यांची बायको रेणुका, ती राजा प्रसेनजिताची मुलगी. त्यांना पाच मुलगे : रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु आणि सर्वांत धाकटा राम, म्हणजे परशुराम. मुलं फळं आणायला रानात गेलेली असतात. रेणुका स्नानाला जाते. तिथे चित्ररथ नावाचा राजा आपल्या बायकांबरोबर जलक्रीडा करत असतो. त्याला बघून तिच्या मनात इच्छा निर्माण होते. बस्, एवढंच. ती ओलेत्यानं आश्रमात परत येते. तिच्या चेहऱ्यावरून जमदग्नीला सगळं कळतं. तो तिची निर्भर्त्सना करतो. तेवढ्यात मुलं परत येतात. बाप एकेकाला सांगतो, आईला मार. थोरला हात उचलत नाही. दुसरा नाही, तिसरा नाही, चौथा नाही. बाप त्यांना शाप देतो आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड, बुद्धिहीन होतात. शेवटी परशुराम येतो. बाप सांगतो, आईला मार, मनात खंत आणू नकोस. तो परशू उचलतो आणि तिचं डोकं उडवतो.

बाप खूश होतो. वर माग म्हणतो. परशुराम मागतो : आई जिवंत होऊ दे, भाऊ पूर्वीसारखे होऊ देत, युद्धात मला तोड नसू दे, मला दीर्घायुष्य मिळू दे. आणि या यादीत आणखी एक वर आहे. तो आपण लहानपणी ऐकला असेल, पण लक्ष दिलं नसेल. आपण मारलं गेलो होतो, हे आईला आठवू नये.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडलं. उठल्यावर रेणुकेनं काहीच विचारलं नाही. तिला विचारता येऊ नये याची तजवीज आधीच करून ठेवली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण मागे एका सभेत मला एका ताईंनी ऐकवलं होतं की तुम्ही देवाधर्मावर घसरता. मी कुणाच्या श्रद्धेला नाव ठेवायला उभी नाही. आपण सगळ्या कोकणपट्टीत राहतो. ही जमीन परशुरामानं समुद्र मागे हटवून मिळवली असं आपल्याकडे मानतात. चिपळूणजवळ त्याचं मोठं देऊळ आहे. माहूरला रेणुकेचं ठाणं साडेतीन शक्तिपीठांत गणलं जातं. सीमेपलीकडे सौंदत्तीला तीच यल्लम्मा होते, आणि कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरभरून लोक तिकडे जातात. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८च्या ग्रंथात या देवीचं मूळ रूप भूमीचं, सर्जनाचं आहे असं मांडलं. 'रेणु' म्हणजे मातीचा कण. म्हणजे बायकांच्या मनात ती आधीपासून आहे, परशूच्या गोष्टीच्याही आधीपासून. कार्ल्याला जाणारी बाई मुंडकं तुटलेल्या बाईला नव्हे, उभ्या असलेल्या आईला भेटायला जाते. ती श्रद्धा माझ्याही घरात आहे. पण गोष्ट आपल्याला काय शिकवते, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. आजीनं तो वापरला.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे एक बाई यायची. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, आणि हे बोलायला तिची परवानगी घेतली आहे. चाळीतलं एका खोलीचं घर. नवरा कारखान्यात कामाला. ती एका मसाल्याच्या गाळ्यावर पॅकिंगला. दोन मुलगे, मोठा तेव्हा सतरा वर्षांचा, धाकटा सहावीत. नवरा संशयी. कामावरून यायला उशीर झाला की मार. उशीर का झाला, तर गाडी लेट होती. ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मध्य रेल्वेचं वेळापत्रक आपल्याकडे किती बायकांच्या अंगावर उमटलंय, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा.

आम्ही नवऱ्याला बोलावलं. पहिल्यांदा आला नाही, दुसऱ्यांदा आला. पोलीस ठाण्यात अर्ज देण्याची आमची तयारी आहे हे त्याला कळल्यावर त्यानं लिहून दिलं की पुन्हा हात उचलणार नाही. त्या दिवशी मोठा मुलगाही आईबरोबर आला होता. शांत, देखणा, अकरावीतला मुलगा. मला बरं वाटलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आता तू मोठा झालास. आईकडे लक्ष ठेव."

केसपेपरवर मी लिहिलं, 'मोठा मुलगा सहकार्य करतो.' तो कागद अजून आहे.

पुढचे चार महिने बाई नियमित येत होती. विचारलं की म्हणायची, "आता हे हात लावत नाहीत." आमच्या दृष्टीनं केस सुधारत होती. मग एक दिवस तिच्या मनगटावर सूज दिसली. म्हणाली, दरवाजात सापडलं. पुढच्या वेळी कपाळाला खोक. म्हणाली, धक्का लागला. कुणाचा धक्का, म्हटलं, तर गप्प. तिसऱ्या वेळी आमच्या एका जुन्या कार्यकर्तीनं तिला चहा दिला आणि काहीच विचारलं नाही, नुसती शेजारी बसून राहिली. तेव्हा ती रडायला लागली. नवरा खरंच हात लावत नव्हता. त्यानं शब्द पाळला होता. तो कॉटवर बसून मुलाला सांगायचा, "विचार तुझ्या आईला, कुठं होती." मुलगा विचारायचा. "बघ तिचा मोबाइल." मुलगा बघायचा. "खोटं बोलते ती." मग मुलगा मारायचा.

मी 'लक्ष ठेव' म्हटलं होतं. मुलानं लक्षच ठेवलं. सांभाळ करणं आणि पाळत ठेवणं यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे, आणि मी तो बापासमोर उच्चारला होता. त्या घरात त्याचा अर्थ काय होणार, हे मला कळायला हवं होतं.

धाकट्याचं ऐका. त्यालाही बापानं सांगितलं होतं, आईची पर्स तपास. त्यानं नाही म्हटलं. बापानं कानफटीत दिली. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. नंतर तो पोरगा शाळेत बोलेनासा झाला. बाईंनी प्रश्न विचारला तरी उभा राहायचा आणि गप्प. शाळेतून आईला निरोप आला की मुलगा 'मंद' होत चाललाय, दाखवून घ्या.

महाभारत वाचताना मी त्या चार भावांपाशी आले तेव्हा मला हा सहावीतला मुलगा आठवला. जे मारत नाहीत त्यांना जड ठरवलं जातं. परशुरामाचं नाव सगळ्यांना पाठ. रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसु ही नावं इथे कुणाला माहीत होती? मलाही नव्हती. पाचांपैकी चार मुलांनी आईला मारायला नकार दिला, म्हणजे त्या घरात बहुमत आईच्या बाजूनं होतं! तरी गोष्ट आज्ञाधारक मुलाची म्हणून सांगितली जाते. आपण पोरांना शिकवतो, बापाचा शब्द मोडू नये. शापाची पर्वा न करता चार मुलांनी शब्द मोडला, हे शिकवत नाही.

आता थोडं दूर जाते, कारण हे फक्त आपल्याकडे घडलं असं समजून कुणी आपल्याच संस्कृतीला बोल लावू नये. ग्रीस देशात अशीच गोष्ट आहे. एस्किलस नावाच्या नाटककारानं इसवी सनापूर्वी ४५८ साली त्यावर तीन नाटकं सादर केली. त्यांना 'ओरेस्टिया' म्हणतात. राजा अ‍ॅगमेम्नॉन ट्रॉयच्या युद्धाला निघतो. जहाजांना वारा मिळेना, म्हणून तो आपल्या पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी देतो. तिला लग्न ठरलंय असं सांगून बोलावून घेतलेलं असतं. दहा वर्षांनी तो जिंकून परत येतो, तेव्हा बायको क्लायटेम्नेस्ट्रा, जिनं आता दुसऱ्या पुरुषाचा आधार घेतलेला असतो, त्याला ठार करते. मग अपोलो देव मुलाला, ओरेस्टिसला, आज्ञा देतो की बापाचा सूड घे. मुलगा आईला मारतो. त्याची बहीण इलेक्ट्रा त्याच्या बाजूनं असते. हेही लक्षात ठेवा. परशू फक्त मुलग्यांच्याच हातात दिला जातो असं नाही. मुलींच्या, नणंदांच्या, सासवांच्या हातातही दिला जातो.

रेणुका आणि क्लायटेम्नेस्ट्रा सारख्या नाहीत. एकीच्या मनात फक्त इच्छा आली, दुसरीनं प्रत्यक्ष माणूस मारला. तिची बाजू घ्यायची असं मी म्हणत नाही. पण पुढे काय होतं ते बघा. आईचा खून झाल्यावर एरिनिज नावाच्या देवता त्या मुलाच्या मागे लागतात. रक्ताच्या नात्यातल्या खुनाचा पाठलाग करणं हे त्यांचं काम. शेवटी अथेन्समध्ये खटला उभा राहतो. तिथे अपोलो मुलाच्या बाजूनं जो युक्तिवाद करतो तो असा, की आई ही मुलाची खरी जन्मदाती नव्हेच. ती फक्त पेरलेलं बी सांभाळते, जन्म देणारा तो बाप. पुरावा म्हणून तो न्यायासनावर बसलेल्या अथीना देवीकडेच बोट दाखवतो, कारण ती आईशिवाय, बापाच्या डोक्यातून जन्मली! मतं समसमान पडतात. अथीना आपलं मत मुलाला देते आणि तो सुटतो.

बी आणि जमीन. ओळखीचं वाटतं ना? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हेच आहे : स्त्री म्हणजे क्षेत्र, पुरुष म्हणजे बीज. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की हे रूपक फक्त पोथीत नाही, ते मुलांवरचा हक्क आणि जमिनीवरचा हक्क ठरवतं. पीक कुणाचं, तर बी पेरणाऱ्याचं. जमिनीला कोण विचारतो?

आणि कायद्यातही ते होतं. हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम १९५६चा. त्याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक कोण, तर बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. त्या न्यायालयात गेल्या. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यानंतरच असं नाही. बाप लक्ष देत नसेल, दूर असेल, तरी आई पालक होऊ शकते. आनंदाची गोष्ट. पण ते शब्द कलमातून गेले नाहीत, फक्त त्यांचा अर्थ रुंदावला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा नियम झाला. अथेन्सच्या त्या खटल्यापासून इथवर यायला किती शतकं लागली, मोजा.

मला दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर एक फरक दिसला. तिकडे आई मेली, पण तिची आठवण जिवंत राहिली. त्या देवता झोपल्या तर आईचं भूत येऊन त्यांना उठवतं, झोपता काय म्हणून रागावतं. इकडे आई जिवंत झाली, पण तिची आठवण मारली गेली.

आणि मैत्रिणींनो, हा विस्मरणाचा वर आपण समुपदेशन करणाऱ्या बायका रोज वाटत असतो. "झालं गेलं विसरून जा ताई." "पोटचा गोळा आहे, त्याच्यावर काय राग धरायचा." "मुलांसाठी तरी." मी हे किती वेळा बोलले असेन. समेट झाला की केस बंद. घर जोडलं, मुंडकं जोडलं, आणि आत काय झालं ते कागदावर नाही. माझी ती बाई 'धक्का लागला' म्हणाली ते मुलाला वाचवण्यासाठी. आईला आठवू नये हा वर मुलानं मागितला होता. आमच्याकडची आई तो स्वतःच स्वतःला देत होती. आणि आम्ही तो मंजूर करत होतो.

मग आम्ही काय केलं, ते सांगते. मोठं यश सांगत नाहीये, आधीच बजावते.

पहिल्यांदा आम्ही आमचा केसपेपर बदलला. त्यात एक रकाना घातला : 'घरात बाईवर लक्ष ठेवायला कुणाला सांगितलं जातं?' मार कोण देतो एवढंच विचारलं की उत्तर नवरा येतं आणि नवऱ्यानं हात आवरला की आपण खूश होतो. हा एक प्रश्न विचारायला लागल्यावर मुलं, दीर, पुतणे, शेजारी, कधी बाईची स्वतःची मुलगी, असे किती हात निघाले. परशू उचलणाऱ्याचं नाव लिहिताना आज्ञा देणाऱ्याचं नावही त्याच ओळीत यायला हवं, असं आम्ही ठरवलं.

दुसरं, कायद्याची माहिती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. पुष्कळ बायकांना, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ कार्यकर्त्यांनाही, वाटतं की तो फक्त नवऱ्याविरुद्ध आहे. तसं नाही. एका घरात राहणाऱ्या रक्ताच्या नातेवाइकांविरुद्धही तो वापरता येतो. आई मुलाविरुद्ध संरक्षण मागू शकते. आधी या कायद्यात तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो 'प्रौढ पुरुष' असायला हवा होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते दोन शब्द रद्द केले. छळाबद्दलचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. पण ते नवरा आणि त्याच्या नातेवाइकांबद्दल आहे, आणि त्यात तुरुंगाची भाषा आहे. मुलाच्या बाबतीत आईला तुरुंग नको असतो, मार थांबायला हवा असतो. म्हणून २००५च्या कायद्यातले संरक्षणाचे आणि घरात राहण्याचे आदेश तिला समजावून सांगायला हवेत. ते दिवाणी स्वरूपाचे आहेत. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो. आणि बाईनं यातलं काहीच नको म्हटलं, तर तिचं 'नको' लिहून ठेवायचं, आपण ठरवायचं नाही.

माझ्या बाईनं अर्ज केला. नवऱ्याविरुद्ध. त्यात मुलाचं नाव घालायला तिनं साफ नकार दिला. मला ते पटलं नव्हतं. पण लिहिताना ती एक म्हणाली, "नाव नको. पण त्यानं काय काय केलं ते सगळं लिहा. मला विसरायचं नाही." तिनं तारखा सांगितल्या. कुठल्या सणाच्या आदल्या दिवशी, कुठल्या गाडीनं आली तेव्हा, कुठल्या हातानं. तिला सगळं पाठ होतं.

तिसरं, मुलांशी बोलणं. हे आपलं सगळ्यात कच्चं काम आहे. आपण बायकांच्या शिबिरात मुलग्यांना बाहेर खेळायला पाठवतो आणि आत बसून पुरुषप्रधान व्यवस्थेवर बोलतो. तो मोठा मुलगा नंतर एकदा केंद्रात आला. बोलावल्यावर नव्हे, स्वतःहून. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी काय करणार, पप्पांनी सांगितलं." मी त्याला रेणुकेची गोष्ट विचारली. त्याला माहीत होती, तोही कार्ल्याला जाणारा. मी म्हटलं, "भाऊ किती होते?" म्हणाला, "परशुराम एकटाच ना?" म्हटलं, "पाच." आणि मी त्याला चौघांचं सांगितलं. तो काही बोलला नाही. पाणी पिऊन गेला.

आज ती बाई धाकट्याला घेऊन बहिणीजवळ राहते. काम बदललं नाही, फक्त गाडी बदलली. धाकटा बोलायला लागलाय, अजून हळू बोलतो. मोठा बापाकडेच आहे. रविवारी येतो, दारात बसतो, आत येत नाही. आई त्याला चहा देते. एका रविवारी तिनं त्याला विचारलं, "का मारत होतास मला?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न विचारला गेला. मला ते सांगताना ती रडत नव्हती. म्हणाली, "इतकी वर्षं त्याला बरं वाटावं म्हणून मी विसरल्याचं नाटक करत होते. आता त्यालाही आठवू दे."

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. मुलगा सुधारला, घर जुळलं, असं सांगून टाळ्या घ्यायला मला आवडलं असतं.

त्या ग्रीक गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. मुलगा सुटल्यावर त्या चिडलेल्या देवतांना अथीना समजावते. शहरात तुम्हाला मानाची जागा देते, पूजा होईल, फक्त राग सोडा. आणि त्या ऐकतात. नाव बदलून त्या 'कृपाळू' होतात. हे वाचताना मला दर ८ मार्च आठवतो. आपल्याला शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ मिळतो. नगरसेवक येतात, नारीशक्तीवर बोलतात. मान घ्यायला हरकत नाही, गुच्छ मीही घरी नेते. पण मानाच्या बदल्यात आठवण मागितली जात असेल, तर तो सौदा करायचा नाही.

जाता जाता एक विनंती. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीत ही गोष्ट सांगावी, पण दोन सुधारणा करून. चार भावांची नावं घेऊन सांगायची, मुलग्यांना समोर बसवून. आणि शेवटी आजीचा प्रश्न विचारायचा, बायका काय उत्तर देतात ते लिहून पाठवायचं. आमच्या गटात मी तो पुन्हा विचारला. एक म्हणाली, "ती विचारेल, तू एकटाच का पुढे आलास?" दुसरी म्हणाली, "ती नवऱ्याला विचारेल, तुझे हात कुठे होते?" आजी मात्र हसली. म्हणाली, "आधी पाणी मागेल ग ती. मान दुखत असेल."

आता खालच्या चहावाल्यानं चहा पाठवलाय, तो घेऊ आणि मग गटचर्चेला बसू.